४९ हर्ट्झचे दोन धनी

घोडेगाव-डिंभे-तळेघर रस्त्यावर प्रवासी नेणारी एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप. मालकाची तक्रार एकच: टॉप गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला फरशी थरथरते. मी फोन फरशीला घट्ट चिकटवला, कंपन नोंदवलं, आलेख काढला. ४९ हर्ट्झला टोकदार शिखर आलं. हिशोब केला आणि ठामपणे सांगून टाकलं, "मागच्या शाफ्टचा जॉइंट गेलाय." मालकाने नवा क्रॉस बसवला, त्यात दिवसभराच्या फेऱ्या बुडाल्या, आणि थरथर जशीच्या तशी!

गंमत म्हणजे हिशोब बरोबर होता. चूक कुठे झाली ते सांगते, कारण संशोधनात ही चूक आपण वारंवार करतो.

हिशोब असा

टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकलली, तर ती साधारण २.२ मीटर पुढे जाते. ताशी ४० किमी म्हणजे सेकंदाला ११.१ मीटर, म्हणून चाकाचे सेकंदाला ५.०५ फेरे. डिफरन्शियलच्या क्राउनला ३९ दात आणि पिनियनला ८, म्हणजे प्रमाण ४.८८. जुन्या विलीस जीपमध्येही हेच प्रमाण होतं. त्यामुळे प्रोपेलर शाफ्टचे फेरे सेकंदाला सुमारे २४.६.

आता युनिव्हर्सल जॉइंट. शाफ्ट एका वेगाने फिरत असला, तरी जॉइंटपलीकडे कोनात जोडलेला भाग एका फेऱ्यात दोनदा किंचित पुढे पळतो आणि दोनदा मागे राहतो. म्हणून कंपन शाफ्टच्या दुप्पट: ४९ हर्ट्झ. कोन ५ अंश असेल तर सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वेगातला फरक सुमारे ०.७६ टक्के असतो, १० अंशांना ३ टक्क्यांहून थोडा जास्त. कोन दुप्पट केला की चढउतार चौपट. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असतील आणि टोकांचे योक एका रेषेत असतील, तर एका जॉइंटचा चढउतार दुसरा खोडून काढतो. म्हणून शाफ्ट उघडण्याआधी मिस्त्री त्यावर खूण करतात. जास्त मालासाठी जादा पाटे घालून गाडी मागून उचलली की कोन बिघडतो, ते वेगळंच.

तेव्हा ४९ हर्ट्झ दिसल्यावर जॉइंटवर संशय घेणं चुकीचं नव्हतं. चूक तिथेच थांबण्यात होती.

दुसरा धनी

टॉप गिअरचं प्रमाण एकास एक, ट्रान्सफर केस 'हाय'मध्ये तेही एकास एक. म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. म्हणून इंजिनाचा धक्काही २४.६ च्या दुप्पट, बरोबर ४९ हर्ट्झ! आकडा एक, धनी दोन. आलेख कितीही स्वच्छ काढला, तरी त्यातून ते वेगळे होणार नव्हते.

गॅरेजमधल्या वयस्कर मिस्त्रींनी फक्त विचारलं, "ताई, तिसऱ्यात टाकून बघितली का?"

तिसऱ्या गिअरचं प्रमाण १.४ धरू. वेग तोच ४०, म्हणून शाफ्टचे ४९ हर्ट्झ तसेच राहतात. इंजिन मात्र १.४ पट फिरतं, त्याचे ६९ होतात. आम्ही पुन्हा नोंद घेतली. ४९ चं शिखर जवळजवळ गेलं आणि ६९ ला नवं आलं. दोष इंजिनाकडे होता: फाउंडेशनचं एक रबर फाटलं होतं.

गाडी न्यूट्रलमध्ये सोडून बघण्याची चाचणीही लोक करतात. (सपाट रस्त्यावरच करा, घाटात अजिबात नको.) पण तिच्यात एकदम दोन गोष्टी बदलतात: इंजिनाचा वेग उतरतो आणि शाफ्टवरचा ताणही जातो. थरथर थांबली तर श्रेय कुणाला द्यायचं? गिअर बदलण्याची चाचणी त्यापेक्षा बरीच स्वच्छ आहे.

समजा शिखर ४९ लाच राहिलं असतं, तरी काम संपलं नसतं. पुढच्या चाकांना फ्री-व्हील हब नसतील, तर टू-व्हीलमध्येही पुढची चाकं पुढचा शाफ्ट फिरवत राहतात, आणि तोही मागच्याच वेगाने. मग पुढचा शाफ्ट उतरवून पुन्हा बघायचं.

एक इशारा फोनबद्दल. ॲप सेकंदाला १०० नोंदी घेत असेल, तर ५० हर्ट्झच्या वरचं काही खरं दिसत नाही. आपलं ६९ तिथे ३१ हर्ट्झ म्हणून उमटलं असतं आणि आपण भलत्याच भागाच्या मागे लागलो असतो. मी नोंदी सेकंदाला २०० वर ठेवल्या होत्या.

खोडदलाही हाच प्रश्न

शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. तिथे पल्सार शोधताना ठरावीक कालाने येणारे ठोके शोधतात. पण आपली वीजही ५० हर्ट्झची, तिचे ठोकेही तसेच नियमित. मग संशयित संकेताचा धनी कसा ठरवायचा? एक साधी कसोटी म्हणजे दुर्बीण दुसरीकडे वळवून बघायची. संकेत तरीही तसाच येत राहिला, तर तो त्या ताऱ्याचा नाही. मिस्त्रींचा तिसरा गिअर आणि ही वळवलेली दुर्बीण, तर्क एकच.

म्हणून प्रबंधाच्या वहीत आता मी दोन रकाने ठेवते. पहिल्यात, माझ्या मते हा आकडा कशामुळे आला. दुसऱ्यात, हाच आकडा आणखी कशामुळे येऊ शकतो, आणि काय बदललं तर दोघे वेगळे होतील. दुसरा रकाना रिकामा असेल, तर मी क्रॉस बदलायला सांगत नाही.