सिग्नल चांगला आला म्हणजे अलाइनमेंट झाली का? बीम स्मोक डिटेक्टरचं उदाहरण

मोठ्या गोदामात किंवा मॉलमध्ये छताच्या थोडं खाली भिंतीवर एक छोटी पेटी दिसते. समोरच्या भिंतीवर, ट्रकच्या मागे असतो तसा चमकणारा एक चौकोनी रिफ्लेक्टर असतो. हा ऑप्टिकल बीम स्मोक डिटेक्टर. पेटीतून निघालेला इन्फ्रारेड प्रकाश रिफ्लेक्टरवर आपटून परत पेटीत येतो. मध्ये धूर आला की परत येणारा प्रकाश कमी होतो आणि अलार्म वाजतो.

एवढं सोपं असेल तर त्यावर लेख कशाला? कारण मापन कसं करावं आणि त्यावर विश्वास कधी ठेवावा, हे शिकायला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण क्वचित मिळतं.

आधी थोडं गणित

बिअर-लॅम्बर्टचा नियम तुम्ही परीक्षेसाठी पाठ केलाच असेल. प्रकाश किती घटणार, हे धुराची दाटी आणि धुरातून कापलेलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. समजा धुराचा पट्टा ५ मीटर रुंद आहे आणि क्षयगुणांक दर मीटरला ०.०४ आहे. प्रकाश जाऊन-येऊन १० मीटर धूर कापतो. गुणाकार ०.४, म्हणजे ६७ टक्के प्रकाश उरला, ३३ टक्के घटला. अलार्मची मर्यादा साधारण २५ ते ३५ टक्के घटीवर ठेवलेली असते, तेव्हा एवढा धूर पकडला जाईल.

आता ही ३३ टक्क्यांची घट लक्षात ठेवा.

शिखर की उतार?

गोदाम ८० मीटर लांब आहे. इतक्या अंतरावर पेटी फक्त १ अंश वळली तर बीमचा मध्य जवळजवळ १.४ मीटर सरकतो. आणि इमारत तर रोजच हलते! लोखंडी छताचं तापमान २० अंशांनी वाढलं तर ८० मीटरमध्ये ते सुमारे १९ मिलिमीटर लांबतं. त्यामुळे १० मीटर उंचीची भिंत वरच्या टोकाला १ सेंटिमीटर जरी कलली, तरी बीम समोर ८ सेंटिमीटर सरकतो.

बीम म्हणजे रेघ नव्हे. तो पसरत जातो, मध्यभागी प्रखर आणि कडेला मंद. तो गाऊसियन धरू आणि ८० मीटरवर त्याची त्रिज्या ७० सेंटिमीटर मानू. रिफ्लेक्टर बरोबर मध्यावर असेल तर ८ सेंटिमीटर सरकल्यावर सिग्नल जेमतेम ३ टक्के घटतो. पण रिफ्लेक्टर मध्यापासून ६० सेंटिमीटर बाजूला असेल तर? तेच ८ सेंटिमीटर आणि घट ३४ टक्के!

म्हणजे धूर ३३ टक्के, ऊन ३४ टक्के. डिटेक्टरला दोन्ही सारखेच. कारण तुम्हाला माहीतच आहे: शिखरावर उतार शून्य असतो, कडेला तो तीव्र असतो.

गंमत अशी की बसवताना हा फरक दिसत नाही. सिग्नल कमी असला तरी यंत्र गेन वाढवून त्यालाच १०० टक्के मानतं. धुळीमुळे हळूहळू होणारी घट भरून काढायचीही सोय असते, पण ती मुद्दाम संथ ठेवलेली असते, नाहीतर हळू पेटणारी आगसुद्धा भरून काढली जाईल. सकाळ ते दुपार एवढ्या वेळात होणारा बदल तिला पेलेलच असं नाही. मग भर दुपारी खोटे अलार्म वाजतात, लोक वैतागतात आणि कुणीतरी यंत्रणाच बंद करून ठेवतं. खरी आग लागते तेव्हा सांगायला कुणी नसतं.

मग करायचं काय?

१. पेटी पक्क्या भिंतीवर किंवा खांबावर बसवा, पत्र्यावर नको. मार्गात क्रेन, लटकते बॅनर, पंखे नकोत. थेट ऊन पेटीच्या तोंडावर नको. उंच हॉलमध्ये छताखालच्या गरम हवेच्या थरामुळे धूर खालीच अडकू शकतो, म्हणून गरजेप्रमाणे खालच्या पातळीवर आणखी एक बीम लावतात.

२. कमाल आकडा दिसला म्हणून थांबू नका, कडा शोधा. स्क्रू एका दिशेने फिरवत सिग्नल निम्म्यावर येईपर्यंत जा. मग उलट दिशेने पुन्हा निम्म्यावर येईपर्यंत, फेरे मोजत. बरोबर मध्यावर परत या. आडवं झालं की उभं, मग पुन्हा एकदा आडवं. फायबरमध्ये लेसर सोडताना आपण प्रयोगशाळेत हेच करतो.

३. आता काळ्या पुठ्ठ्याने रिफ्लेक्टर पूर्ण झाका. सिग्नल जवळजवळ शून्यावर यायला हवा. आला नाही, तर तुम्ही इतका वेळ एखाद्या चकचकीत तुळईशी किंवा काचेशी अलाइनमेंट करत होतात! असा अचानक पूर्ण अडथळा आला तर यंत्राने सहसा आग नव्हे, बिघाड दाखवायचा असतो. तेही इथेच तपासून होतं.

४. शेवटी फिल्टर. मर्यादेपेक्षा कमी प्रकाश अडवणारा लावल्यावर अलार्म वाजायला नको, जास्त अडवणारा लावल्यावर ठरलेल्या सेकंदांत वाजायलाच हवा. अर्थात, कंट्रोल रूमला आधी कळवून आणि उंचीवर सेफ्टी बेल्ट लावूनच.

तुमच्या संशोधनासाठी

तिसरी पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तिथे आपण सिग्नल वाढवत नाही, तो मुद्दाम मारतो. जो सिग्नल मारूनही मरत नाही, तो आपला नव्हेच. स्पेक्ट्रोमीटर असो, पीसीआर असो की सर्व्हेचा डेटा, आकडा छान आला की स्वतःला दोन प्रश्न विचारा. मी शिखरावर आहे की उतारावर? आणि माझा रिफ्लेक्टर झाकला तर हा आकडा खरंच शून्य होईल का?

मुलाखतीत 'तुमच्या प्रयोगात कंट्रोल काय?' असं विचारतात, तेव्हा त्यांना नेमका हा काळा पुठ्ठाच बघायचा असतो. तुमच्या प्रयोगातला पुठ्ठा कोणता, ते आजच वहीत लिहून ठेवा.