घरातली वीज – भाग ११ : लादीखालची तार कशी तपासायची

मागच्या भागात ब्रिटनमधल्या बाथरूममध्ये लादीखाली अंथरतात त्या तापणाऱ्या चटईची रचना पाहिली. जाळीवर नागमोडी चिकटवलेली तार, तिच्याभोवती इन्सुलेशन, त्यावर अर्थिंगचं धातूचं वेष्टन आणि बाहेरून प्लास्टिकचं आवरण. सगळं मिळून जाडी काही मिलिमीटर. ही तार कारखान्यातून सहसा धडधाकट येते. इजा होते ती तिच्यावर काम चालू असताना. चिकटमसाला ओढताना थापीची धार लागते, कुणी बुटांनिशी वरून जातं, लादी हातातून निसटते. म्हणूनच ही तपासणी तीनदा करतात : खोक्यातून काढल्यावर, पसरून झाल्यावर, आणि लाद्या बसल्यावर थर्मोस्टॅट जोडण्याआधी.

दर वेळी मोजण्या दोन. पहिली साध्या मल्टिमीटरची. तीन चौरस मीटरची, दर चौरस मीटरला १५० वॅट देणारी चटई म्हणजे ४५० वॅट. २३० व्होल्टचा वर्ग ५२,९००. त्याला ४५०ने भागलं की सुमारे ११८ ओहम. खोक्यावर छापलेल्या आकड्याशी, उत्पादकाने दिलेल्या फरकाच्या मर्यादेत, हे जुळायला हवं. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटली आहे. आकडा बराच घसरला असेल तर आत शॉर्ट आहे.

बरेच जण इथेच थांबतात, आणि धोका नेमका इथेच आहे. थापीने आवरण आणि आतलं इन्सुलेशन चिरलं, पण आतली तार शाबूत राहिली, तर मल्टिमीटर ११८च दाखवणार. ती चीर पकडायला इन्सुलेशनचा रोध मोजणारा मेगरच हवा. तारेची दोन्ही टोकं एकत्र बांधून त्यांना मेगरची एक वायर लावायची, दुसरी अर्थिंगच्या वेष्टनाला लावायची आणि ५०० व्होल्ट डीसी द्यायचे. बीएस ७६७१ या ब्रिटिश वायरिंग नियमांत किमान १ मेगाओहम मागितला आहे, पण नव्या तारेच्या बाबतीत एवढ्यावर समाधान मानू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खोक्यातून काढली तेव्हा मीटरच्या पट्टीबाहेर गेलेली तार लाद्या बसल्यावर ५ मेगाओहमवर आली, तर नियमाने ती पास आहे. तरीही मधल्या काळात तिला काहीतरी झालं आहे. हे कळतं फक्त आधीचा आकडा लिहून ठेवला असेल तरच.

ओल्या मसाल्यात चीर लवकर सापडते, कारण ओलावा वीज वाहून नेतो. मसाला वाळला की तोच आकडा सुधारल्यासारखा दिसू शकतो. मग पुढे कधीतरी सांध्यांतून पाणी झिरपतं आणि अर्थिंगकडे वीज गळताच पुरवठा तोडणारी ३० मिलिअँपियरची आरसीडी ट्रिप होऊ लागते. त्यामुळे लाद्या बसवत असतानाच मध्येमध्ये मोजत राहणं चांगलं. तारेला लावून ठेवायचा अलार्मही मिळतो. तार तुटली किंवा शॉर्ट झाली की तो वाजतो. पण बारीक चिरेवर तो गप्प राहू शकतो, म्हणून त्याला मेगरचा पर्याय मानू नये. आणि तपासायचं म्हणून मसाला पुरता वाळण्याआधी चटई तापवून पाहू नये, त्याने लादीची पकड बिघडते.

दोष निघालाच तर सगळी जमीन फोडावी लागत नाही. एकेरी तारेची दोन्ही टोकं थर्मोस्टॅटच्या डबीत येतात. तार अर्थिंगला पुरती टेकली असेल तर एका टोकापासून अर्थिंगपर्यंत ४० ओहम, दुसऱ्यापासून ७८ असे आकडे मिळतील. म्हणजे दोष पहिल्या टोकापासून साधारण एक तृतीयांश लांबीवर. तुटलेल्या तारेत विद्युत स्पंद पाठवून, त्याचा प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढणारं उपकरणही असतं. मात्र हे अंतर तारेच्या लांबीतलं असतं. जमिनीवरची नेमकी जागा काढायची तर चटई झाकण्याआधी, शेजारी टेप ठेवून काढलेला फोटो हवा. तो असेल तर एक-दोन लाद्या उचलून, तार जोडून, पुन्हा दोन्ही मोजण्या करून काम आटोपतं.