गाडीची वही

गाडी घरात आली की हळद-कुंकू आपण लावायचं, चाकाखाली लिंबू आपण ठेवायचं आणि त्यानंतर तिचा कारभार सगळा पुरुषांकडं. आमच्या बिद्रीत अजूनही बहुतेक घरी असंच चालतं. पण मैत्रिणींनो, टायर, विमा, मेस्त्री यांचे पैसे जातात ते घरखर्चातूनच ना? मग हिशेब आपण का ठेवू नये?

आमची डिकीवाली मोठी गाडी २०१० सालची. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कोल्हापूरला न्यावं लागतं, त्यामुळं गाडी ही आमच्याकडं हौस राहिलेली नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेल्या रस्त्यात ती बंद पडली, तर काय होतं ते आम्ही सोसलंय. म्हणून मी वही घातली. तारीख, किलोमीटर, काम, पैसे असे चार रकाने. पाचवा मागाहून वाढवला : ‘वाटेत अडली का?’

वहीचा पहिला उपयोग झाला तो पाण्याबाबत. एका वर्षात रेडिएटरमध्ये पाणी घातल्याची नोंद चार वेळा आली. मेस्त्री म्हणायचे, “उन्हाळा हाय वहिनी, आटतंय.” मी वहीच पुढं ठेवली. इंजिन थंड ठेवणारं कूलंट बंद नळ्यांतून फिरतं, ते चुलीवरच्या आमटीसारखं आटत नाही. सारखं कमी होतंय म्हणजे कुठंतरी गळतंय. शोधल्यावर रबरी पाइप चिरलेला निघाला. काम काही शे रुपयांचं. तोच तसा राहिला असता तर इंजिन तापून हेड वाकलं असतं आणि खर्च हजारांत गेला असता. नुसतं पाणी घालत राहिल्यानं आत गंज धरतो तो वेगळाच. आणि हो, इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. उकळतं पाणी अंगावर उडतं.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. आमच्या गावाची ओळख दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याची. उसापासून इथेनॉल होतं आणि ते पेट्रोलमध्ये मिसळतात, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. देशात हे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोचलं, २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. जुन्या गाड्या एवढ्या प्रमाणासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्यांचं ॲव्हरेज थोडं घटतं आणि इंधनाच्या मार्गातले काही रबरी भाग लवकर बदलावे लागू शकतात. उसाचा अभिमान असू द्या, पण सर्व्हिसिंगच्या वेळी पेट्रोलच्या नळ्या पाहायला जरूर सांगा. गाडीत पेट्रोलचा वास आला, तर त्याच दिवशी दाखवा.

तिसरी गोष्ट कागदांची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. मोटारीच्या या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये झाली. शिवाय पर्यावरण कर असतो. तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे मुदत संपायच्या आधी धावपळ होत नाही.

आमची मुदत २०२५ मध्ये संपली, तेव्हा घरात प्रश्न आला : ठेवायची की विकायची? दुरुस्तीला वर्षभरात ३१ हजार गेले होते. नव्या गाडीचा हप्ता महिन्याला १४ हजार धरला, तर वर्षाचे १ लाख ६८ हजार. आमचे हे लगेच म्हणाले, “झालं की मग, जुनीच बरी!” मी पाचवा रकाना दाखवला. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड झिजणारच. तो खर्च चपलेचा अंगठा बदलण्यासारखा. पण गाडी वर्षात दोनदा वाटेत अडली होती, त्यातली एक वेळ सासरे मागच्या सीटवर असताना. त्याची किंमत रुपयांच्या रकान्यात कशी मांडायची?

दोन्ही वेळचा दोष स्टार्टरचा होता. तो बदलून घेतला, नोंदणी वाढवली आणि घरात सगळ्यांसमक्ष ठरवलं : पाचव्या रकान्यात एका वर्षात पुन्हा दोन खुणा झाल्या, तर पैशाकडं न बघता गाडी विकायची. सध्या तो रकाना कोरा आहे. हल्ली कोल्हापूरला निघताना सासरेच विचारतात, “सूनबाई, वही काय म्हणतीया?”