परदेशातून मृत्युपत्राला आव्हान
वडिलांनी घर एकट्या धाकट्याला दिलं, एवढ्यावरून मृत्युपत्र रद्द होत नाही. स्वकष्टार्जित मालमत्ता कुणालाही देता येते. आधी सह्या तपासा. १९२५च्या भारतीय वारसा कायद्यानुसार दोन साक्षीदार लागतातच. सही थरथरती, त्याच आठवड्यात वडील आयसीयूत, कागद लाभार्थी मुलानेच करवून घेतलेला: असा संशय दूर करणं हे मृत्युपत्र पुढे करणाऱ्याचं काम, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५८मध्येच सांगितलं. नोंदणी झाली म्हणून तो फिटत नाही. प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याचा, अर्ज झाला असेल, तर वेळ न दवडता कॅव्हेट (हरकतीची नोंद) दाखल करा. त्यासाठी भारतीय दूतावासात साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र पाठवा. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरा. आणि भावाने पाठवलेल्या हक्कसोडपत्रावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.