धाप लागते, तेव्हा रक्त काय सांगतं?

सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलमध्ये १९८३ साली खास एड्सच्या रुग्णांसाठी कक्ष सुरू झाला, तेव्हा तिथे दाखल होणारे बहुतेक जण तरुण असत आणि न्यूमोनियासारख्या एखाद्या संसर्गाने लवकरच दगावत. १९९६च्या सुमारास अनेक औषधांचे एकत्रित उपचार आले आणि चित्र पालटलं. आज अमेरिकेत एचआयव्हीसह जगणारे निम्म्याहून अधिक लोक पन्नाशी ओलांडलेले आहेत. विषाणू आटोक्यात आहे, तपासण्यांचे आकडे चांगले आहेत. तरीही त्यांतल्या काहींना जिना चढताना धाप लागते.

धापेची कारणं पुष्कळ: सिगारेट, वय, अंगात रक्त कमी असणं. यांतलं एखादं सापडलं की शोध बहुधा तिथेच थांबतो. मात्र फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांतला दाबही वाढलेला असू शकतो. दंडाला पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब वेगळा; तो अगदी व्यवस्थित असूनही हा विकार असतो. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते आणि मुळात कमी दाबावर काम करणाऱ्या हृदयाच्या उजव्या बाजूला सतत जोर लावावा लागतो. पुढे ती बाजू ताणली जाते, थकते. पाय सुजतात, चक्कर येते.

एड्सच्या रुग्णातला असा विकार १९८७ साली अमेरिकी डॉक्टरांनी नोंदवला. नंतरच्या पाहण्यांतून एचआयव्ही असलेल्यांत याचं प्रमाण साधारण दोनशेत एक असं दिसलं. आकडा लहान वाटेल. पण एरवी कारण न सापडता होणारा हा विकार दहा लाखांत जेमतेम काही जणांना होतो.

यात विषाणू करतो तरी काय? रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशींत तो स्वतः शिरलेला सहसा आढळत नाही. त्याची ‘जीपी-१२०’ आणि ‘नेफ’ ही प्रथिनं मात्र त्या पेशींना इजा करत असावीत, असं प्रयोगांतून दिसतं. शिवाय औषधांनी विषाणू दबला, तरी शरीरातला सूक्ष्म दाह पुरता शमत नाही.

या साऱ्याच्या खुणा रक्तात उतरतात. दाह असला की ‘इंटरल्युकिन-६’ वाढतं. ‘एडीएमए’ नावाचा रेणू रक्तवाहिन्या सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती रोखतो. एचआयव्हीसोबत हा विकार असलेल्यांत त्याची पातळी चढलेली आढळली, ती सॅन फ्रान्सिस्कोतल्याच अभ्यासात. दवाखान्यात रोज वापरली जाणारी खूण मात्र ‘एनटी-प्रोबीएनपी’. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की ती वाढते.

पण ती वयानुसारही वाढते, मूत्रपिंडं कमजोर असली तरी वाढते आणि लठ्ठ माणसात फसवी कमी दिसते. त्यामुळे केवळ रक्ताच्या अहवालावरून निदान करता येत नाही. धाप असलेल्या कुणाची इको तपासणी लांबणीवर टाकू नये, हे मात्र त्यावरून कळू शकतं, आणि रक्ताच्या तपासणीचं खरं मोल याच ठिकाणी आहे. अखेरचा निवाडा उजव्या हृदयात नळी घालून थेट दाब मोजल्यावरच होतो. सरासरी २५ मिलिमीटरची जुनी मर्यादा तज्ज्ञांनी २०१८मध्ये २०वर आणली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की एचआयव्ही असलेल्यांमध्ये इकोवर हा दाब थोडा वाढलेला असला, तरी मृत्यूचा धोका अधिक असतो.

निदान झालं तर उपचार आहेत. सिल्डेनाफिल, बोसेंटान यांसारख्या गोळ्या रक्तवाहिन्यांवरचा ताण कमी करतात. पण रिटोनाव्हिर किंवा कोबिसिस्टॅट ही एचआयव्हीच्या उपचारांतली औषधं चालू असताना सिल्डेनाफिल शरीरातून लवकर बाहेर पडत नाही. रक्तातली त्याची पातळी कित्येक पटींनी चढून रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो. म्हणून या विकाराची गोळी सुरू करण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना एचआयव्हीच्या औषधांची संपूर्ण यादी दाखवावी लागते. काही वेळा त्या औषधांचा संचच बदलावा लागतो.