मेंदूच्या द्वारी नॅनोकण : रक्तातील मुक्काम का लांबवावा लागतो?

मेध्य औषधांच्या वेष्टनांवर ‘नॅनो’ हा शब्द अलीकडे वरचेवर दिसू लागला आहे. मागील काही महिन्यांत अशी दोन-तीन माहितीपत्रके आमच्या हाती आली. त्यांपैकी एकावर ‘कण नॅनो आकाराचा, म्हणून औषध थेट मेंदूत’ असे ठळक अक्षरांत छापलेले होते. औषधविक्रेते बंधू ‘हे खरे काय?’ असे विचारतात. त्यांना उत्तर द्यावयाचे तर या तंत्राची मूळ बैठक चिकित्सकास ठाऊक असावयास हवी.

१८८५ साली जर्मनीत पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्ये सोडली. इतर अवयव रंगले, मेंदू मात्र कोराच राहिला. मेंदूस त्या रंगाचे आकर्षण नसावे, असा तर्क त्यांनी केला. पुढे १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमान यांनी ट्रिपान ब्लू हा रंग मस्तिष्क-मेरुद्रवात सोडला, तेव्हा मेंदू निळा झाला आणि उर्वरित शरीर कोरे राहिले. प्रश्न आकर्षणाचा नव्हता, मध्ये भिंत होती. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी परस्परांना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की त्यांच्यामधून काही झिरपत नाही. पेशीतून शिरू पाहणारी अनेक द्रव्ये पी-ग्लायकोप्रोटीनसारखे पंप पुन्हा रक्तात फेकून देतात. ग्लुकोज, लोह आदी गरजेच्या पदार्थांसाठी तेवढी स्वतंत्र द्वारे आहेत. यालाच रक्त-मेंदू अडसर म्हणतात.

आता आकाराचा विचार करू. नित्य वापरातील नॅनोकण सुमारे १०० नॅनोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो. ऐकावयास हे फारच सूक्ष्म वाटते. परंतु साखरेचा एक रेणू एक नॅनोमीटरच्या आसपास असतो आणि तोही या शिवणीतून व्यवहारतः सुटत नाही. मग त्याच्या शंभरपट मोठा कण केवळ लहान म्हणून आत जाईल, हे कसे मानावे? कणास जावयाचे तर पेशीने त्यास स्वतःहून उचलून पलीकडे ठेवले पाहिजे. ही क्रिया सावकाश चालते व प्रत्येक फेरीत अत्यल्प कणांनाच साधते. म्हणून कण रक्तात दीर्घकाळ फिरत राहणे अगत्याचे ठरते.

नेमके तेच अवघड आहे. शिरेतून दिलेला साधा कण रक्तात पडताच त्यावर रक्तद्रवातील प्रथिने चिकटतात. ही जणू ‘हा परका आहे’ अशी खूण. यकृतातील कुप्फर पेशी व प्लीहेतील भक्षकपेशी ती खूण ओळखून बहुतांश कण काही मिनिटांत गिळंकृत करतात. कण सहा नॅनोमीटरहून लहान असेल तर मूत्रपिंडे त्यास बाहेर टाकतात, दोनशेहून फार मोठा असेल तर प्लीहा अडकवून ठेवते. यावर काढलेला तोडगा म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल, संक्षेपाने ‘पेग’. याचे लवचिक धागे कणावर दाट रोवले असता ते पाणी धरून ठेवतात आणि प्रथिनांना पृष्ठभागाशी येऊ देत नाहीत. धागे विरळ असले तर ते आडवे पडतात व उघडी जागा राहते, दाट असले तर कुंच्याच्या केसांसारखे उभे राहतात. या तत्त्वावरील डॉक्सोरुबिसिनयुक्त लायपोसोमला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. एरवी इंजेक्शनानंतर काही मिनिटांत रक्तातून ऊतींत पसरणाऱ्या या औषधाचा रक्तातील अर्धायुकाल त्यामुळे सुमारे ५५ तासांवर गेला.

तथापि रक्तात टिकणे म्हणजे मेंदूत पोहोचणे नव्हे. जे आवरण कणास भक्षकपेशींपासून लपविते, तेच त्यास मेंदूच्या द्वारपालांपासूनही लपविते. म्हणून पेगच्या टोकांवर एखादी ‘किल्ली’ बसवितात, उदाहरणार्थ लोह आत नेणाऱ्या ट्रान्सफेरिन ग्राहकास ओळखणारे प्रतिपिंड. येथेही एक मौज आहे. २०११ मध्ये अमेरिकेतील जेनेन्टेकच्या शास्त्रज्ञांनी उंदरांत दाखविले की, किल्ली फार घट्ट बसली तर प्रतिपिंड वाहिनीच्या भिंतीतच अडकून राहते. पकड सैल केल्यावर ते अधिक प्रमाणात मेंदूत उतरले. जर्मनीतील यॉर्ग क्रॉयटर यांनी १९९० च्या दशकात वेगळीच वाट धरली. त्यांच्या कणांवर पॉलिसॉर्बेट ८० चा लेप होता. त्यावर रक्तातील अपोलिपोप्रोटीन-ई चिकटते आणि मेंदूच्या वाहिन्या कणास मेदकण समजून आत घेतात, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. एके ठिकाणी घातक ठरणारे प्रथिनांचे चिकटणे येथे उपकारक ठरले!

पेगही निर्दोष नाही. पहिल्या मात्रेनंतर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते, आणि प्राण्यांतील प्रयोगांत साधारण आठवड्याने दिलेली दुसरी मात्रा फार लवकर नाहीशी झालेली आढळते. ट्रान्सफेरिनच्या द्वाराने जाणारे एक विकर हंटर रोगासाठी जपानमध्ये २०२१ साली मान्य झाले, पण ते प्रतिपिंडास जोडलेले प्रथिन आहे, नॅनोकण नव्हे. अखंड अडसर ओलांडून औषध नेणारा नॅनोकण नित्य चिकित्सेत आलेला आमच्या पाहण्यात नाही.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. काही भस्मांत नॅनो आकाराचे स्फटिक आढळतात, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसले आहे आणि आपल्या पूर्वाचार्यांच्या वारितर, रेखापूर्ण आदी परीक्षांचा त्यामुळे गौरवच होतो. परंतु वर सांगितलेले सारे प्रयोग शिरेतून दिलेल्या, विशिष्ट आवरणाच्या कणांचे आहेत. मुखावाटे घेतलेल्या भस्मास आमाशयातील अम्ल, आतडे व यकृत ही तीन ठाणी ओलांडावी लागतात, शिवाय त्याचे कण परस्परांस चिकटून गुठळ्या करतात. योगवाही द्रव्यांच्या कल्पनेशी ‘किल्ली’चे साम्य दाखविण्याचा मोह आम्हांसही झाला, पण साम्य म्हणजे पुरावा नव्हे. नस्याचा विचार मात्र स्वतंत्रपणे व्हावा. नासिकेतील गंधक्षेत्रातून मेंदूकडे जाणाऱ्या मार्गावर संशोधन चालू आहे. त्यातही उंदराच्या नासिकेत हे क्षेत्र जवळपास निम्मे, तर मानवात एक दशांशाहूनही कमी असते, हे ध्यानात ठेवावे.

औषधालयाच्या मालकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत मेंदूचे विकार व अपस्मार या दोहोंचा समावेश आहे. ‘थेट मेंदूत’ जाऊन हे विकार बरे करणारी जाहिरात दुकानात लावणे ही केवळ उत्पादकाची जोखीम राहत नाही. त्याहून गंभीर म्हणजे, अशा जाहिरातीवर विसंबून अपस्माराच्या रुग्णाने चालू गोळ्या आपल्या मनाने सोडल्या तर झटक्यांचे सत्र जिवावर बेतू शकते.

माल ठेवण्यापूर्वी कणाचा आकार कोणत्या पद्धतीने मोजला, तो पाण्यात की रक्तद्रवात मोजला आणि मेंदूतील मात्रा कोणत्या प्राण्यात तपासली, एवढे लेखी विचारावे. उपरोक्त माहितीपत्रकाच्या उत्पादकास आम्ही हेच विचारले. उत्तरादाखल सवलतीचा दरतक्ता आला.