गर्भवतीचा आहार : प्रमाण आणि प्रत

प्रस्तावना :
'दोन जिवांची आहे, दुप्पट खा' हा उपदेश मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतो. बाळ मोठे झाल्यास बाळंतपण अवघड जाईल, या भीतीने शेवटच्या महिन्यांत गर्भवतीचे खाणे कमी केले जाते, असेही आढळते. दोन्ही समजुती परस्परविरोधी असल्या तरी दोहोंत केवळ प्रमाणाचाच विचार आहे. वास्तविक भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार गर्भवतीस दररोज सुमारे ३५० किलोकॅलरी एवढीच अधिक ऊर्जा लागते. दुप्पट आहार त्यात बसत नाही. लोह, फॉलिक आम्ल व प्रथिने यांची गरज मात्र त्याहून पुष्कळ अधिक प्रमाणात वाढते.

मुंबई व पुणे येथील संशोधन :
या विषयातील एक मूलभूत शोध मुंबईत लागला. १९२८ मध्ये ब्रिटिश वैद्यक लुसी विल्स यांनी येथील गरीब गर्भवती स्त्रियांमधील, विशेषतः गिरणी कामगार स्त्रियांमधील, तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास सुरू केला. या स्त्रियांच्या आहारात भाज्या, फळे व प्रथिने फारच अल्प होती. यीस्टचा अर्क दिल्यावर हा रक्तक्षय बरा होतो, असे विल्स यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला.

पुणे परिसरातील सहा गावांत १९९३ मध्ये आरंभ झालेल्या अभ्यासाचे निष्कर्षही बोलके आहेत. डॉ. शोभा राव, डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये नोंदविले, की मातेने घेतलेली एकूण ऊर्जा व प्रथिने यांचा बाळाच्या जन्मवेळच्या आकारमानाशी ठळक संबंध दिसला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांचे वारंवार सेवन करणाऱ्या मातांची बाळे मात्र आकारमानाने सरस होती. शेतात राबणाऱ्या या स्त्रियांच्या ताटात भाकरी होती. उणीव होती ती मेथी, शेपू, राजगिरा यांसारख्या भाज्यांची. बाजारातील महागडी पौष्टिक पावडर हा तिला पर्याय नव्हे.

लोह व फॉलिक आम्ल :
राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) देशातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय होता. शासनातर्फे ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी १८० दिवस दिली जाते. ती चहाबरोबर घेतल्यास चहातील टॅनिनमुळे लोहाचे शोषण घटते. लिंबू वा आवळ्यामुळे ते सुधारते. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घेऊ नये. भाजी उकळून पाणी फेकून देण्याच्या सवयीने फॉलिक आम्ल वाया जाते.

वेळेचा प्रश्न याहून बिकट आहे. गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचेही ठाऊक नसते. म्हणून फॉलिक आम्लाची पूर्तता गर्भधारणेपूर्वीच सुरू होणे आवश्यक ठरते. डोहाळजेवणाचे भरलेले ताट बहुधा सातव्या महिन्यात येते.

शिवाय घरातील स्त्री सर्वांत शेवटी जेवते आणि तोवर भाजी संपलेली असते. अंगणवाडीतून घरी नेलेला शिधाही सर्वांत वाटला जातो. महाराष्ट्रातील आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली शिजवलेला चौरस आहार देण्याची व्यवस्था झाली, तिचे महत्त्व येथे आहे : अंगणवाडीत बसून जेवलेल्या स्त्रीच्या घासात दुसरा वाटेकरी नसतो.